आरतीचा गुण

आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. एकदा चंद्राबाईंच्या हातून, एकदा त्यांच्या सुनेच्या. घरभरणीची पंगत बसलेली, आणि पहिल्याच भुरक्याला माणसांनी पाण्याचे तांबे पळवले. गेणूतात्या मात्र शांतपणे भुरकत होते. त्यांनी वर आणखी एक वाटी मागून घेतली. शेजारच्या पानावर नारायणसरांनीही वाटी रिकामी केली, पण त्यांचं कुणाला नवल वाटलं नाही. पानात काही टाकू नये, हे त्यांनी इथं कळस गावच्या शाळेत जन्मभर शिकवलं होतं.

नवल तात्यांचं! कालवणात चिमूटभर मीठ कमी पडलं तर ताट अंगणात भिरकावणारा हा माणूस. त्यांना जेवायला बोलवायचं तर घरातल्या बायका आदल्या दिवशीच देवाला हात जोडायच्या.

"आरतीचा गुण हाय ह्यो," चंद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जीभ जिंकली तात्यांनी!"

ही आरती मुळात चंद्राबाईंच्याच कानात जन्मली होती. दोन वर्षांपूर्वी तात्यांना एचआयव्ही निघाला आणि बारामतीच्या ए.आर.टी. सेंटरमधून गोळ्या सुरू झाल्या. सारखं बारामतीला कशाला जाता, असं चंद्राबाईंनी एसटीच्या थांब्यावर विचारलं, तेव्हा तात्यांची बायको नकोशी गडबडली आणि खरं तेच बोलून गेली, "ए.आर.टी.ला." चंद्राबाईंना ऐकायला जरा कमीच. "आरतीला? एवढ्या लांब? काय भक्ती म्हणायची बाई!" नकोशीनं सुटकेचा श्वास टाकला आणि मान डोलावली. गावाला फुकटात एक संत मिळाला.

संताच्या तोंडात मात्र हल्ली पत्रा चाटल्यासारखी चव होती. मीठ कळेना, तिखट कळेना, गूळसुद्धा पत्र्याचाच. पंगतीहून घरी आल्यावर तात्यांनी गोळ्यांची डबी फळीवर पार मागं सारली.

"बास झाल्या ह्या गोळ्या. मटनाची चव कळंना, तर जगून काय चाटायचंय?"

"चाटू नगा, पर जगा," नकोशी म्हणाली. ती विनोद करत नव्हती. सेंटरच्या बाकावर ओळख झालेली, गोळ्या सोडून दिलेली माणसं पुढं दिसेनाशी कशी होतात, ते तिनं पाहिलं होतं. तिला नवरा हवा होता, मग तो ताट फेकणारा का असेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला अक्षरशः ढकलून एसटीत चढवलं.

डॉक्टर दीप्ती मॅडमनी जीभ बाहेर काढायला लावली. जिभेवर पांढरा थर साचला होता.

"बुरशी झालीय तोंडात, तात्या. त्यात तोंड कोरडं, त्यात ही मिश्री. औषध देते, बरं होईल. मिश्री सोडायची, गोळ्या नाही. तुम्ही नेमकं उलटं करायला निघालात."

औषध लागू पडलं. एका दुपारी तात्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडात घातला आणि घर दणाणलं.

"हे कालवण हाय का हौदातलं पानी? मीठ कुठं हाय ह्यात?"

नकोशीनं पदरात तोंड लपवलं आणि ती आनंदानं ढसाढसा रडली.

गल्लीला यातलं काय ठाऊक! गेणूतात्यांची भक्ती ढळली, अशी बातमी सूर्य मावळायच्या आत गावभर झाली. चंद्राबाई तर समजूत घालायला घरी आल्या. "तात्या, काय बी करा, पर आरती चुकवू नगा."

"न्हाय चुकवणार," तात्या म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

दिवेलागणीला नारायणसर आले. आत आल्यावर त्यांनी मागं वळून दार लोटून घेतलं. आता सर रागावर प्रवचन देणार म्हणून तात्या मान खाली घालून बसले.

"तात्या, तुमची आरती कसली, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

नकोशीनं हातातली कपबशी तशीच खाली ठेवली. दोन वर्षं झाकून ठेवलेली मूठ अशी अचानक उघडली होती, आणि तीही गावातल्या सगळ्यात वजनदार माणसापुढं. सरांनी एक शब्द काढला असता, तर उद्या पंगतीत तात्यांच्या शेजारी कुणी बसलं नसतं.

"सर, पाया पडतो," तात्यांनी हात जोडले. "कुनाला बोलू नगा. आमाला ह्याच गावात ऱ्हायाचंय."

सरांनी पुढं होऊन ते जोडलेले हात आपल्या हातात घेतले.

"मीही आरतीलाच जातो, तात्या. लांब, सोलापूरला. तुमची चव परत कशी आली, तेवढं सांगा. तिथं विचारायला माझं तोंड उघडत नाही."