गुरुवारचा फोन

"तुम्ही लोक खोटारडे आहात. माणूस सुटला म्हणून दाखवायचं आणि मग त्याला वाऱ्यावर सोडून द्यायचं, हाच तुमचा धंदा."

आबासाहेब हे उभ्याउभ्याच बोलले. टेबलापलीकडे फुफ्फुसांच्या संशोधन केंद्राचे मोठे डॉक्टर बसले होते. शेजारी फोनवरची तन्वी उभी होती. तिला ते आज पहिल्यांदा बघत होते. आवाज मात्र वर्षभराच्या ओळखीचा.

डॉक्टर चिडले नाहीत. टेबलावरच्या छोट्या यंत्राकडे त्यांनी बोट दाखवलं. त्यात फुंकलं की गेल्या दिवसभरात छातीत किती धूर गेलाय ते कळतं. मघाशी आबासाहेबांनी फुंकलं होतं आणि आकडा इतका खाली आला, की डॉक्टरांनी उठून त्यांचा हात हातात घेतला होता. तुमची सिगारेट सुटली म्हणाले. एवढी स्वच्छ छाती अख्ख्या गटात कुणाची नाही.

"सुटलेली नाही," आबासाहेब म्हणाले. "तुमचं यंत्र बिघडलंय."

पेच साधाच होता. वर्षभराचा अभ्यास आज संपत होता. ज्यांची सुटली त्यांना रामराम. ज्यांची सुटली नाही त्यांना आणखी एक वर्ष दर गुरुवारी फोन. आत्तापर्यंत तोंडच्या शब्दावर भागलं होतं. यापुढे यंत्रात दिसलं तरच.

सुरुवात झाली होती हैदराबादच्या बरकतपुऱ्यात, केंद्राच्या सिगारेट सोडवण्याच्या शिबिरात. पत्नीला, मंगलाबाईंना, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. दारातली बाई प्रत्येकाला एकच विचारत होती, सिगारेट ओढता का. नाही म्हणणाऱ्याच्या हातात पत्रक कोंबून त्याला वाटेला लावत होते. हो म्हणणाऱ्याला खुर्ची, चहा, आणि त्याच्या भाषेत बोलणारं माणूस. आबासाहेबांना खुर्ची मिळाली. मराठी म्हणून त्यांचा नंबर तन्वीकडे गेला.

तन्वी पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांची मुलगी, वाढली हैदराबादेत. मराठी बोलायची फर्डी, वाचताना अडखळायची. पहिल्याच गुरुवारी छापील प्रश्नातल्या 'तल्लफ' या शब्दाशी तिची गाडी थांबली. "काका, हे ॲक्च्युअली काय असतं?"

आबासाहेबांनी समजावलं. एखादी गोष्ट जवळ नसली की घर खायला उठतं, ती तल्लफ.

"मग तुम्हाला कधी येते?"

"दिवेलागणीला. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत नाही ना, तेव्हा."

जेवणानंतर येते का, तिने विचारलं. ते म्हणाले, जेवताना जास्त, समोर कुणी नसतं. अशा वेळी पाणी प्या, बाहेर पडा, कुणाशी तरी बोला, तिने वाचून दाखवलं. कुणाशी, त्यांनी विचारलं. त्या दिवशी तिने फोन बराच वेळ ठेवला नाही.

फोन मुलाचाही यायचा. अभिजीत बंगळुरूला, रविवारी गाडी चालवता चालवता विचारायचा, सगळं ओके ना बाबा? ओके म्हटलं की संपलं. तन्वीला नुसतं ओके चालायचं नाही. झोप लागली का, खोकला आहे का, काल काय खाल्लं, हे विचारणं तिचं कामच होतं. पण मंगलाबाई आंबाड्याची भाजी कशी करायच्या, हे तिने विचारलं ते काही कुठल्या प्रश्नावलीत छापलेलं नव्हतं.

आबासाहेबांच्या हट्टापुढे शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. उद्या सकाळी या, पुन्हा फुंका म्हणाले.

तन्वी त्यांना सोडायला बाहेर आली. व्हरांड्यात एक माणूस ऑक्सिजनचं नळकांडं उशाशी घेऊन पडला होता. श्वास घेताना त्याच्या गळ्यात खड्डा पडत होता.

"बघा काका, नाही सुटली की असं होतं."

आबासाहेबांनी बघितलं. "त्याच्याजवळ कोण असतं?"

"दोन मुलगे आहेत. सून डबा आणते रोज."

"मग बरं आहे त्याचं," आबासाहेब म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काचीगुड्याला यूसुफभाईंच्या पानाच्या टपरीवर थांबले. फळीकडे बोट दाखवलं.

"पूरा पाकीट होना क्या साब?"

त्यांनी मान हलवली. पाकीट खिशात टाकून निघाले. कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं, काडेपेटी राहिली. पुन्हा मागे आले. मग एका बंद दुकानाच्या ओट्यावर, रस्त्याकडे पाठ करून बसले.

केंद्रावर पोचले तेव्हा डोळे लाल झाले होते, खोकला आवरत नव्हता. कसंबसं फुंकलं. आकडा रेषेच्या वर गेला.

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा फुंकायला लावलं. आकडा तिथेच. ठीक आहे, म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. गुरुवारचा फोन चालू राहील, पण आता दर महिन्याला येऊन फुंकावं लागेल.

तन्वी त्यांच्यामागोमाग पायऱ्यांपर्यंत आली. तिथे मात्र तिला राहवलं नाही. "काल क्लीन होतात काका. एका रात्रीत काय झालं?"

आबासाहेबांनी खिशातून पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. बोटाला चटका बसून फोड आला होता.

"रागावू नकोस बेटा. तीन ओढल्या, तरी आकडा जेमतेमच वर गेला. जन्मात कधी हात लावला नव्हता, त्यामुळे मला अंदाज नाही. तुला या कामातलं कळतं. फोन चालू राहायला रोज किती ओढाव्या लागतील, तेवढं सांग."