नियम सात

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात आमचा कॅप्टन लॉनी ब्रुबेकर धडक बसून मैदानात आडवा पडला होता, डोळे पांढरे झाले होते, आणि पंच हॅस्केल घड्याळ थांबवायला तयार नव्हता.

"सर, तो बेशुद्ध आहे! खेळ थांबवा!" मी ओरडलो.

"पंचांशी फक्त कॅप्टनने बोलायचं. नियम सात." हॅस्केलने दंडाचं पिवळं फडकं फेकलं. "पंधरा यार्ड मागे."

वेळ वाचवायला दुखापतीची सोंगं फार व्हायला लागली, म्हणून ओहायोतल्या आमच्या हौशी लीगने हा नियम केला होता.

"अहो, कॅप्टनच पडलाय! तो कसा बोलणार?"

"आणखी पंधरा."

म्हणजे लॉनीला तिथेच टाकून आम्ही मागे सरकायचं! आमच्या टेरेलने हेल्मेट आपटलं. "माणूस आहेस का फुटपट्टी?" त्याचेही पंधरा गेले.

शेवटी ज्याची धडक बसली होती, तो समोरच्या संघाचा धिप्पाड ड्वेनच धावत आला. "मी कॅप्टन आहे ना? मग मी सांगतो, थांबवा!" तेव्हा कुठे शिट्टी वाजली आणि स्ट्रेचर आत आलं.

सोमवारी लॉनी अजून हॉस्पिटलमध्येच होता, तेव्हा हॅस्केलचा अहवाल आला. आम्हाला पंचेचाळीस यार्डांची शिक्षा का झाली, ते त्यात सविस्तर लिहिलं होतं. खाली कौतुकाची एक ओळ होती: "कॅप्टन ब्रुबेकर यांनी मात्र माझ्या एकाही निर्णयावर हरकत घेतली नाही."