तारेचा पीळ

क्लच दाबूनही चाकावरची इंजिनाची पकड सुटत नव्हती. काल बुकित बातोकच्या सिग्नलला कुमुदने लिव्हर मुठीत पूर्ण आवळून धरली असताना तिची मोटारसायकल आपल्याच मर्जीने पुढे सरकली होती, आणि समोरच्या लॉरीपासून वीतभर अंतरावर केवळ ब्रेकच्या कृपेने बंद पडली होती.

आता ती चोआ चू कांगला, घराखालच्या कारपार्कात गाडीशेजारी उकिडवी बसली होती. दुपारच्या पाळीला हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलवर तिकीट खिडकी तिलाच उघडायची होती. तिचा नवरा श्रीनिवास हाताची घडी घालून मागे उभा होता. तो जहाजावरचा सेकंड इंजिनीअर. रजेवर घरी आला, आणि बायको मोटारसायकल चालवते हे त्याने प्रथमच पाहिले. त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी घरात भांड्यांखेरीज कोणी बोलत नव्हते.

"विकून टाक," तो म्हणाला.

"नाही."

"मग मर एखाद्या लॉरीखाली. पन्नाशीला आलीस. बोटांत जोर राहिलाय का?"

"तुम्ही यायच्या आधी होता."

"म्हणजे काय? मी त्या गाडीला बोट लावलेलं नाही, लावणारही नाही. मी जहाजाची इंजिनं बघतो, असली खेळणी नाही."

कुमुदने वरून केबलमध्ये तेल सोडून पाहिले. लिव्हर मऊ झाली, तथापि क्लच सुटेना. मग तिने केबलचा माग काढत हात खाली नेला आणि इंजिनाजवळची रबरी टोपी वर सरकवली.

आतला नट मागे फिरवून केबल सैल केलेली होती; लिव्हरची ओढ क्लचपर्यंत पुरी पोचतच नव्हती. आणि त्या सैल जागीच तो नट एका बारीक तारेने जखडून ठेवलेला होता. तार दुपदरी, पीळ एकसारखा, आणि टोके आत वळवलेली. कोणाच्या हाताला बोचू नयेत अशी.

तो पीळ तिच्या ओळखीचा होता. प्रत्येक रजेत श्रीनिवास घरातले जे जे दुरुस्त करी, त्याला शेवटी अशी तार असे. देवघरातल्या घंटेला होती, कुकरच्या दांड्याला होती, बाल्कनीतल्या कपड्यांच्या बांबूलाही होती. जहाजाच्या थरथरीने नट आपोआप फिरू नये म्हणून तिथे असे बांधतात, हे लग्नानंतर त्यानेच तिला कौतुकाने सांगितले होते. काम कोणतेही असो, ते अर्धवट सोडणे त्याच्या हाताला ठाऊक नव्हते.

समोरच्या घरातले चिनी अंकल बाजाराची पिशवी घेऊन चालले होते. जमतंय का, हे विचारायला ते थबकले.

"वा, आंटी, कॅन ऑर नॉट?" मग श्रीनिवासकडे वळून म्हणाले, "यू हेल्प हर लाह!"

श्रीनिवास परक्यांसाठी राखून ठेवलेले हसू हसला.

"हझबंड ऑलरेडी हेल्प, अंकल," कुमुद म्हणाली.

अंकल मान डोलावून निघून गेले. श्रीनिवासचे हसू मात्र चेहऱ्यावर तसेच राहून गेले, उतरवायचे विसरल्यासारखे.

कुमुदने पकडीने तार तोडली. त्याच्याकडे पाठ करून तिने पाना लावला, नट फिरवला, आवळला. नंतर ती उठली आणि तारेचा तुकडा तिने त्याच्या तळहातावर ठेवला.

"घ्या, तुमची. टोकं आत वळवलीत. मला बोचू नयेत म्हणून?"

त्याने तारेकडे पाहिले.

"मला वाटलं, एकदा घाबरलीस की..."

"घाबरले."

ती गाडीवर बसली. हेल्मेटचा पट्टा तिने सावकाश लावला.

"पुढे उभे राहा."

"कशाला?"

"चाक जागेवर राहतं का बघायला. इंजिनीअर ना तुम्ही?"

तो पुढे आला. मागे खांब, समोर चाक; गुडघ्यांना टायर लागेल इतकेच अंतर. तिने नट किती फिरवला हे त्याला दिसलेले नव्हते, आणि विचारण्याची सोय त्यानेच ठेवली नव्हती.

इंजिन सुरू झाले. कुमुदने क्लच दाबला आणि पायाने पहिला गिअर टाकला. खट्ट आवाज झाला. गाडी जागची हलली नाही; लिव्हर मुठीत आवळलेली होती तोवर हलणारही नव्हती.

श्रीनिवास चाकाकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता तिच्या डाव्या मुठीकडे, जिथे लिव्हरवर आवळलेल्या चार बोटांची पेरे पांढरी पडली होती. त्याच्या स्वतःच्या मुठीत तार रुतत होती.

"सोडू?" कुमुदने विचारले.