शेवटचा स्क्रू

शांतवन सुताराने झाकणाचा शेवटचा स्क्रूही करकचून आवळला, तेव्हा त्याची बायको मार्था चमकली. मिशन कंपाउंडात कुणाचीही शवपेटी केली, की तिचा नवरा एक स्क्रू मुद्दाम सैल ठेवायचा. "प्रभू हाक मारील तेव्हा उठायला अडचण नको," म्हणायचा. आज पेटीत त्यांचीच मुलगी सुवार्ता होती.

"अहो, एक सैल ठेवा ना."

"उठवायचंच होतं तर नेली कशाला त्यानं?" तो म्हणाला, आणि त्याच स्क्रूला आणखी एक पीळ दिला.

वर्षभर पोरीचा खोकला घरात घुमत होता. ती गेली, पण खोकला गेला नाही. कब्रस्तानाच्या वाटेवर पेटीमागून चालताना मार्थाला तो बंद लाकडातून स्पष्ट ऐकू येत होता. आपल्याला वेड लागतंय, असं तिला वाटलं. ती कुणाला काही बोलली नाही.

पाळकांची प्रार्थना संपली. पेटी खाली सोडायला माणसांनी दोर हातात घेतले.

"थांबा!" शांतवन म्हणाला. मग मार्थाकडे वळून त्याने हळूच विचारलं, "तुलाही येतोय ना ऐकू?"

तिने होकारार्थी मान हलवली.

तो गुडघ्यांवर बसला. खिशातून पेचकस काढून त्याने एक स्क्रू सैल केला. मग दुसरा, मग तिसरा. पाळक घाईने पुढे आले. "शांतवन, तू तर नेहमी एकच ठेवतोस."

"बाकीच्यांना एक पुरतो, साहेब," चौथ्याला हात घालत तो म्हणाला. "हिच्या हातांत जोर कुठे राहिला होता?"