शुक्रवारचा दयाळ

निवृत्त कारकून चिंतामणरावांनी तीन उन्हाळे पडवीत बसून परसातल्या दयाळ पक्ष्याच्या नोंदी ठेवल्या. मग मोठा धीर करून एका मासिकाला पत्र लिहिलं आणि पाकीट चिकटवण्याआधी ते बायकोला, माईंना, वाचून दाखवलं. "आमच्या भिवंडीतला दयाळ फक्त शुक्रवारी गातो. बाकीचे दिवस नुसतीच चोच उघडतो."

जास्वंदीला पाणी घालणाऱ्या माईंना हसू आवरेना. "अहो, शुक्रवारी शेजारचे खडखडणारे पॉवरलूम बंद असतात. गातो तो रोजच."

चिंतामणराव ओशाळले. "मग तुला बरं ऐकू येतं?"

"मी त्याच्या जास्वंदीखालीच असते ना. आणि रोज मीही गाते."

चिंतामणरावांनी पत्र वहीत ठेवलं आणि खुर्ची उचलून जास्वंदीपाशी नेली. त्या दिवशी मंगळवार होता.