उपाशीपोटी

त्या पंचफुला नर्सला काही रीतभातच नव्हती. सासू घरात धडधाकट बसलेली, आणि ही बया ओसरीवर सुनेच्या कानाला लागायची. म्हणे, मूल बंद करायचं ऑपरेशन.

रुखमाबाईंनी भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. चौथ्या बाळंतपणात शालू पांढरीफटक पडली होती. पाचवं आलं तर ही उठायची नाही, असं नर्स म्हणाली. मग बाईचं कसं करतात, गड्याचं कसं करतात, आदल्या रात्रीपासून अन्नपाणी बंद, सकाळी ऊन पाण्यानं आंघोळ, सगळं तोंडपाठ सांगत बसली.

आणि काल शालू भावासोबत खामगावच्या दवाखान्यात जाऊन बसलीसुद्धा. तिच्या नवऱ्यानं, रुखमाबाईंच्या उत्तमनं, नुसती मान डोलावली होती.

त्याच दिवशी दिवेलागणीला रुखमाबाईंनी लेकाला असा फैलावर घेतला, की शेजारच्या कडूबानं आपलं दार लावून घेतलं. शेवटी उत्तम एवढंच म्हणाला, "चाल, येतो मी."

त्याला जेवायला वाढलं नाही. सकाळी चहासुद्धा नाही. "आंघोळ कर, धुतलं धोतर नेस. चार लोकांत जायचं हाये," म्हणाल्या.

पिंपळगावातून बैलांची दमणी निघाली तेव्हा कडूबा कुंपणावरून ओरडला, "काकू, सुनेले मारू नका बरं."

"तू तुह्या बायकोले सांभाळ," रुखमाबाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता. उत्तम त्याच्याखालच्या बाकावर बसला. रुखमाबाई कोणाला न विचारता आत घुसल्या.

शालू टेबलावर आडवी होती. हिरवा चुडा उतरवायचा म्हटल्यावर ती रडली असावी, कारण नर्सनं बांगड्यांवर पांढरी पट्टी गुंडाळून दिली होती. कोपऱ्यात कात्र्या-चिमटे उकळत होते.

"ऊठ," रुखमाबाई सुनेला म्हणाल्या.

पंचफुला मधे येऊन उभी राहिली. तोंडाला फडकं, कोपरापर्यंत धुतलेले हात वर धरलेले. "मावशी, मले शिवू नका. पुन्हा हात धुवा लागतीन."

"तुले कोन शिवते? माह्या सुनेले नेतो मी."

"डॉक्टरसाहेब तयार होऊन राह्यले. तुमच्या लेकानं हो म्हटलं."

"हो म्हनून त्याचं काय जाते? हिच्या आंगात रगत नाई, हे तूच म्हनली ना? मंग हिचंच पोट काऊन फाडतं?"

"पाचवं आलं तर हिची तिरडी तुमालेच बांधा लागीन. मी मांगं सरकत नाई, मावशी. डॉक्टरले बोलवा, नाईतर पोलिसाले."

शालू उठून बसली. सासूसमोर तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. "आत्याबाई, मले मरायचं नाई."

रुखमाबाईंनी पंचफुलाच्या बाजूनं वाट काढली. सुनेच्या मनगटावरची पट्टी सोडली, एकेक बांगडी फिरवून पाहिली. एकही पिचली नव्हती. मग तिच्या बगलेत हात घालून तिला खाली उतरवलं.

"पाप लागीन तुमाले," पंचफुला म्हणाली. तिचे हात अजून वरच होते.

"लागू दे."

रुखमाबाईंनी दाराकडे तोंड केलं. "उत्तम, ये आत."

उत्तमनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. आत आला. बायकोकडे एकदा बघितलं आणि आपल्या हातानं सदऱ्याची गुंडी सोडायला लागला.

"रातपासून उपाशी ठेवला, ऊन पान्यानं धुतला, अन् आपल्या पायानं आला हाये," रुखमाबाई नर्सला म्हणाल्या. "काम तुहं चोख हाये, बाई. टेबलावर तेवढं चुकीचं मानूस चढवलं तुनं."