बाहुलीचं कुंकू

डॅशबोर्डवर निळ्याचा टिपूसही नव्हता. क्षमाने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पार वाकून पाहिलं आणि मग अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशी ओरडली, "नाहीये! सर, निळं कुठ्ठेच नाहीये!"

गाडीकडे मात्र बघवत नव्हतं. पाचच मिनिटांपूर्वी ती चाचणीच्या भिंतीवर धाडकन आदळली होती. पुढच्या सीटवर बाईच्या मापाची चाचणीची बाहुली मान टाकून बसली होती. उंची चार फूट अकरा इंच, थेट क्षमाच्या आईएवढी! अशा ठेंगण्या बायकांचं डोकं डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून क्षमाने तीन वर्षं खपून नवा सीटबेल्ट तयार केला होता. आज त्याची शेवटची परीक्षा. बाहुलीच्या कपाळाला निळा रंग फासायचा. डोकं आपटलं, की रंग डॅशबोर्डला लागणार. डोक्यातल्या सेन्सरची वायर धडकेत तुटली होती, त्यामुळे सगळी मदार आता त्या निळ्यावरच.

"मग हे लाल काय गं?" सेतुमाधव सरांनी डॅशबोर्डवरचा डाग बोटाने पुसून हुंगला. सरांचं घराणं तंजावरचं, त्यामुळे चेन्नईतल्या या लॅबमध्ये क्षमाला मराठीतून बोलणी खायची उत्तम सोय होती. "चंदन आणि कुंकू! कालची आयुधपूजा, तुमची खंडेनवमी! आपटून फोडायच्या गाडीचीही पूजा करतात आमचे लोक!"

सगळे खो खो हसले. सरांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. "कर सही. आज फॅक्स गेला, की दहा दिवसांत गाडी बाजारात. जिंकलीस, बाई!"

क्षमाने पेन उघडलं. तिला इतका आनंद झाला होता, की कोणाची तरी थट्टा केल्याशिवाय राहवेना. समोर म्हातारे फिटर नारायणस्वामी उभे होते. "काय हो मामा, डॅशबोर्डलासुद्धा कुंकू?"

"अय्यो! डॅशबोर्डला कोण लावतं?" मामा तमिळमध्ये फणकारले. "मी फक्त बाहुलीच्या कपाळाला लावलं. बाईमाणूस आहे, मोकळ्या कपाळाने भिंतीवर कशी धाडू?"

पेन जागच्या जागी थांबलं.

क्षमा धावतच गाडीपाशी गेली. बाहुलीची हनुवटी तिने दोन्ही हातांनी वर उचलली. कुंकू कपाळभर फरफटलं होतं. आणि निळा रंग? तो नव्हताच. कपाळावरही नव्हता!

झालं होतं असं, की रंगाची पेटी काल बाकी हत्यारांबरोबर पूजेत मांडली होती. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. आज सकाळी विजयादशमीचा मुहूर्त गाठायची एकच घाई. मामांचा मदतनीस वेंकट, त्याला वाटलं, मामांनी रंग लावला. मामांना वाटलं, वेंकटने. पेटी अजून तशीच देवापुढे होती, वरचं फूलसुद्धा न हललेलं.

सर हळू आवाजात म्हणाले, "नियमात फक्त निळा रंग लिहिलाय, क्षमा. लालबद्दल एक अक्षर नाही. तीन वर्षं गं, पोरी..."

क्षमाने अहवालाकडे पाहिलं. केवढ्याशा अंतरावर होती ती सही! तिने अहवाल ओढला आणि चांगल्या ठसठशीत अक्षरात 'नापास' लिहिलं. मग एवढा मोठा निःश्वास सोडला, की मामाही दचकले. आणि ती हसायलाच लागली.

"हसतेस काय?" सर वैतागले. "सगळं पाण्यात गेलं!"

"पट्टा पुन्हा करू, सर," क्षमा डोळे पुसत म्हणाली. "आज मेली ती बाहुलीच ना!"